पास, फेल आणि उरलेले सात निकाल

डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधील चुका शोधण्यासाठी वापरला जाणारा प्रोग्रॅम, ही व्याख्या बिनचूक असली तरी अपुरी आहे. कारण डीबगरही माणसांनीच लिहिलेला असतो, त्यामुळे त्यातही चुका असतात, आणि त्या कोणी शोधायच्या याबद्दल व्याख्या काहीच बोलत नाही. या प्रश्नाला उत्तर म्हणून चाचणीसंच अस्तित्वात आला, म्हणजे डीबगरला ओळीने हजारो आज्ञा देऊन प्रत्येक उत्तर अपेक्षेप्रमाणे आले की नाही हे आपोआप तपासणारा प्रोग्रॅम. आता चाचणीसंचातील चुका कोण शोधणार, हा पुढचा प्रश्न साहजिकच उभा राहतो. पण या पायरीवर शास्त्राने शहाणपणाने मौन पत्करले आणि ती जबाबदारी रात्री जागणाऱ्या अभियंत्यावर सोपवून दिली.

या प्रकारातील सर्वांत नावाजलेले उदाहरण जीडीबी या मुक्त डीबगरचे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा डीबगर चालू प्रोग्रॅमला हव्या त्या ओळीवर थांबवतो (या थांब्याला ब्रेकपॉइंट म्हणतात), थांबलेल्या अवस्थेत त्याच्या पोटातील किमती दाखवतो आणि सांगितल्यास त्याला एकेक पाऊल पुढे नेतो. महाराष्ट्राशी त्याचा संबंध केवळ वापरापुरता नाही. नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर१६ या सोळा बिटांच्या प्रोसेसरसाठी जीडीबीमध्ये जो भाग आहे, तो पुण्याच्या केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स या कंपनीतून २०१२ मध्ये आलेला आहे आणि त्या भागाच्या फाइलच्या माथ्यावर पुण्याचे नाव तसे नोंदलेलेही आहे. त्याच कंपनीने रेनेसासच्या एसएच आणि एच८ या प्रोसेसरांसाठी कंपायलर-डीबगरचे संच तयार करून अनेक वर्षे जगभर फुकट वाटले. मोटारीच्या किंवा यंत्राच्या आत बसलेल्या एखाद्या चिपमध्ये काय बिघडले आहे, हे कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसाला कळावे म्हणून पुण्यात कोणी तरी चाचण्या चालवत बसला होता, ही गोष्ट पुणेकरांच्या अभिमानाच्या यादीत अद्याप आलेली दिसत नाही. एरवी त्या यादीत येण्यास फारसे काही लागत नाही.

अलीकडे मात्र चाचण्या पुण्यातच चालवाव्यात असे बंधन राहिलेले नाही. घरून काम करण्याची मुभा मिळाल्यापासून राजापूर तालुक्यातील नाटे यासारख्या गावात, एका बाजूला यशवंतगड आणि दुसऱ्या बाजूला जैतापूरची खाडी अशा जागी, पडवीत लॅपटॉप मांडून बसलेला अभियंता हे दृश्य नवलाचे उरलेले नाही. नवल उरले आहे ते त्याच्या कामाचे. पुढ्यातील पडद्यावर ओळी आपोआप सरकत असतात, अभियंता त्यांच्याकडे पाहतही नसतो, मधूनच चहा पितो, आणि विचारले असता काम चालू आहे असे सांगतो. शेजारच्या काकांना यात काम कोणते आणि बसणे कोणते याचा उलगडा होत नाही, आणि खरे सांगायचे तर ज्या साहेबाला तो रोज अहवाल पाठवतो त्यालाही होत नाही.

त्या सरकत्या ओळींमागील यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. डीबगर हा मुळात संवाद करणारा प्रोग्रॅम आहे. माणूस आज्ञा लिहितो, तो उत्तर देतो आणि पुढील आज्ञेची वाट पाहत असल्याची खूण, म्हणजे प्रॉम्प्ट, दाखवतो. तेव्हा त्याची परीक्षा घ्यायची तर माणसाच्या जागी बसून कीबोर्ड चालवणारा आणि आलेले उत्तर वाचणारा कोणी तरी हवा. ही सोय अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेतील डॉन लिब्स यांच्या एक्स्पेक्ट या प्रोग्रॅमने केली. तो प्रोग्रॅम जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीत घडवलेल्या टीसीएल या भाषेवर उभा आहे, आणि एक्स्पेक्टच्या खांद्यावर डेजाग्नू नावाची चौकट उभी आहे, जी सिग्नस या कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी रचली. सिग्नसची स्थापना १९८९ ची. दहा वर्षांनी रेड हॅटने ती विकत घेतली. कंपनी गेली, चौकट राहिली, आणि टीसीएल ही भाषा जगात अन्यत्र कोठे फारशी शिकवली जात नसतानाही डीबगरच्या चाचण्यांपुरती ती आजतागायत राजभाषा आहे. जीडीबीमध्ये दोन ओळींची दुरुस्ती करू पाहणाऱ्या उत्साही तरुणाला त्या दोन ओळींची चाचणी लिहिण्यासाठी आधी एक जुनी भाषा शिकावी लागते, आणि अनेकांचा उत्साह तेथेच मावळतो. ज्यांचा मावळत नाही ते पुढे प्रकल्पाचे देखरेखकार होतात.

चाचणीचे स्वरूप वरकरणी बाळबोध असते. एक अधिक एक किती, असे डीबगरला विचारायचे आणि उत्तरात बरोबरीच्या चिन्हापुढे दोन आले की पास म्हणायचे. संचातील ब्रेकपॉइंटच्या एका जुन्या चाचणीत सहाचे क्रमगुणित, म्हणजे एकपासून सहापर्यंतच्या संख्यांचा गुणाकार, काढणारा छोटा प्रोग्रॅम आहे. ते ७२० येते हे गेली कित्येक वर्षे जगातील हजारो यंत्रांवर पुनःपुन्हा सिद्ध केले जात आहे, आणि गणिताच्या कोणत्याही विधानाला इतका पाठपुरावा लाभला नसेल. पण अपेक्षित उत्तर अक्षरशः लिहून ठेवता येत नाही, कारण डीबगरच्या उत्तरात स्मृतीतील पत्ते येतात आणि ते दर यंत्रावर, कधी कधी दर वेळी, बदलतात. म्हणून उत्तराऐवजी उत्तराचा साचा लिहावा लागतो, ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात: येथे कोणतीही सोळा-आधारी संख्या चालेल, येथे काहीही चालेल, आणि शेवटी प्रॉम्प्ट यायलाच हवा. ओळींचे क्रमांकही असेच दगा देतात. अकरावी ओळ म्हणून जिथे थांबायला सांगितले, तिथे कोणी माथ्यावर परवान्याची एक ओळ वाढवली की अकरावी ओळ बारावी होते आणि चाचणी कोसळते. यावर उपाय म्हणून नमुना-प्रोग्रॅममध्येच, येथे थांबावे, अशी टीप लिहून ठेवतात आणि चाचणी आधी ती टीप शोधते व मग तिच्या ओळीचा क्रमांक विचारते.

याशिवाय परीक्षेपूर्वी डीबगरला जवळजवळ संन्यास घ्यावा लागतो. यंत्राची भाषा मराठी असो वा जपानी, चाचणीपुरती ती सी या नावाची कोरडी मूळ भाषा करतात, म्हणजे भाषांतरित शब्दांनी साचा मोडणार नाही. टर्मिनलचा प्रकार अधिकृतपणे मुका असा लिहितात, म्हणजे रंग आणि नखरे बंद. वापरकर्त्याने आपल्या सोयीसाठी लिहून ठेवलेली सेटिंगची फाइल वाचू दिली जात नाही. आणि पडद्याची उंची शून्य धरली जाते. या शेवटच्या अटीचे कारण असे की लांब उत्तर देताना पान भरले की डीबगर थांबतो आणि पुढे जाण्यासाठी एंटर दाबण्याची विनंती करतो. चाचणीसंचाला ही विनंती अपेक्षित नसल्यामुळे तो उत्तराची वाट पाहतो, डीबगर एंटरची वाट पाहतो, आणि अशी दोन सभ्य माणसे दारात अडकल्याचा प्रसंग टाळण्यासाठी पडद्याला उंचीच नाही असे जाहीर करणे सर्वांना सोपे वाटले.

वाट किती पाहायची यालाही नियम आहे. साधारणपणे दहा सेकंदांत उत्तर आले नाही तर चाचणी फेल ठरते आणि निकालापुढे कंसात वेळ संपल्याची नोंद होते. दहा सेकंद हा प्रोसेसरच्या हिशोबाने अनंतकाळ आहे, पण तो हिशोब विजेचा पुरवठा गृहीत धरतो. नाट्यात आषाढात वाऱ्याने तारांवर फांदी पडली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग उतरवतो, आणि सहाच्या क्रमगुणितापर्यंत हसतखेळत जाणारा डीबगर धापा टाकू लागतो. चाचण्यांची एक संपूर्ण रांग फेल होते. नोंदवही पाहिली तर डीबगरचे धागेदोरे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे थ्रेड, बिघडलेले दिसतात; बिघडलेली असते ती तार. महिनाभर आधी केलेल्या एखाद्या निरपराध बदलावर यामुळे संशय येतो, त्या बदलाचा कर्ता दुसऱ्या खंडात झोपेतून उठून खुलासा लिहितो, आणि तोवर वीज आलेली असते व सर्व चाचण्या पुन्हा पास होतात.

येथपर्यंत वाचणाऱ्याचा असा समज होईल की निकाल दोनच असतात. शाळेने लावलेली ही सवय आहे. पोसिक्सच्या १००३.३ या चाचणीविषयक मानकाने पाच निकाल ठरवले होते आणि डेजाग्नूने त्यांत चारांची भर घातली, त्यामुळे एकूण नऊ झाले. त्यांपैकी पास आणि फेल हे दोन सर्वांत कमी मनोरंजक आहेत. चाचणी घेताच आली नाही, उदाहरणार्थ नमुना-प्रोग्रॅमच कंपाइल झाला नाही, तर निकाल अनटेस्टेड. चाचणी घेण्यासाठी लागणारी सोयच या यंत्रावर नाही, तर अनसपोर्टेड. चाचणी सुरू झाली पण मध्येच डीबगर वारला किंवा काय झाले ते सांगता येत नाही, तर अनरिझॉल्व्हड. फेल होणार हे आधीच ठाऊक होते आणि दोष कंपायलरचा वा ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे, डीबगरचा नाही, तर एक्सफेल, म्हणजे अपेक्षित अपयश. फेल होणार हे ठाऊक होते आणि दोष डीबगरचाच आहे, शिवाय तो रीतसर तक्रार-क्रमांकासह नोंदलेला आहे, तर केफेल, म्हणजे ज्ञात अपयश. जे अपयशी ठरायला हवे होते ते यशस्वी झाले, तर त्या दोन प्रकारांना अनुक्रमे एक्सपास आणि केपास.

या वर्गीकरणाचा बारकाईने विचार करणाऱ्यास त्यातील प्रशासकीय सौंदर्य जाणवल्याशिवाय राहणार नाही. केफेल मिळवण्यासाठी चूक दुरुस्त करण्याची गरज नसते, तिला क्रमांक मिळणे पुरेसे असते. क्रमांक मिळालेली चूक लाल अक्षरांतून काळ्या अक्षरांत जाते आणि अहवालाखालच्या गोषवाऱ्यात स्वतंत्र रकान्यात शांतपणे बसते, तेथे ती दहा-दहा वर्षे बसलेली आढळते. एक्सफेलमध्ये याहूनही मोठा दिलासा आहे, कारण तेथे दोष लेखी स्वरूपात दुसऱ्या खात्याकडे वर्ग झालेला असतो. सरकारी कचेरीत ज्याने कधी अर्ज केला आहे त्याला या दोन निकालांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. मात्र न्यायाने हेही म्हटले पाहिजे की ही सोय नसती तर संच निरुपयोगी ठरला असता. पूर्ण फेरीत निकाल लाखाच्या घरात जातात, त्यांतील पन्नास अपयशे जुनी आणि ज्ञात आहेत की आज सकाळी कोणी तरी नव्याने घडवली आहेत, हे सांगता आले नाही तर पन्नास या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

म्हणूनच या क्षेत्रात सर्व पास झाले का, असे जाणकार विचारत नाही. तो काल आणि आज यांत काय बदलले असे विचारतो. बदल करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा संपूर्ण संच चालवायचा, दोन्ही वेळची निकालपत्रे शेजारी ठेवायची, आणि जे पूर्वी पास होते व आता फेल आहे, ज्याला रिग्रेशन म्हणतात, तेवढ्याचीच फिकीर करायची, अशी रीत आहे. दुरुस्ती पाठवताना अमुक यंत्रावर चाचण्या घेतल्या, रिग्रेशन नाही, असे वाक्य जोडण्याचा प्रघात आहे. नाट्यातील काका संध्याकाळी फाटकाशी थांबून, "काय रे, आज किती पास?" असे विचारतात तेव्हा अभियंत्यापुढे पेच पडतो, कारण खरे उत्तर कालच्याइतकेच असे असते आणि ते ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ती अभियंत्याला नको असते.

तुलनेसाठी चाचण्यांची नावे दोन्ही वेळी तीच असावी लागतात, आणि येथे एक वेगळीच गंमत घडते. नावातच घरच्या फोल्डरचा संपूर्ण पत्ता घुसला तर पुण्याच्या संगणकावरील चाचणी आणि नाट्याच्या लॅपटॉपवरील चाचणी यांची नावे वेगळी होतात. तुलना करणारा प्रोग्रॅम मग गंभीरपणे कळवतो की पुण्याची एक चाचणी नाहीशी झाली आणि नाट्यात एक नवी जन्माला आली. दोन चाचण्यांना एकच नाव पडले तरी घोटाळा होतो. त्यामुळे जीडीबीच्या निकालपत्रात आता नऊ निकालांखेरीज पाथ आणि डुप्लिकेट असे दोन इशारेही छापले जातात, म्हणजे डीबगर निर्दोष असला तरी चाचणीच्या नामकरणात दोष काढता येतो.

चाचण्या ठेवण्याची व्यवस्था फोल्डरांत आहे. सी भाषेच्या मूलभूत गोष्टी बेसमध्ये, सी++ वेगळी, पायथन वेगळी, अनेक थ्रेडांचे प्रोग्रॅम वेगळे, प्रोग्रॅम उलट दिशेने चालवण्याच्या चाचण्या रिव्हर्समध्ये, आणि पास्कल व मॉड्युला-२ यांच्यासाठीही जागा राखलेल्या. जे कोठेच बसत नाही ते बेसमध्ये टाकण्याची परंपरा असल्यामुळे बेस फुगलेला आहे. सर्वांत विचार करायला लावणारा फोल्डर जीडीबीच्या नावाचाच आहे. त्यात एक जीडीबी दुसऱ्या जीडीबीला डीबग करतो, आणि दोन्हींचा प्रॉम्प्ट सारखा असल्याने कोण कोणाशी बोलत आहे याचा संभ्रम चाचणीला पडू नये म्हणून वेगळी तजवीज करावी लागते.

एकच चाचणी निमूटपणे पास किंवा निमूटपणे फेल होत असेल तर तिच्याशी संसार करता येतो. खरा छळ करतात त्या मनमानी चाचण्या, ज्यांना रेसी म्हणतात, कारण दोन थ्रेडांच्या शर्यतीत आज कोण पुढे जाईल यावर त्यांचा निकाल ठरतो. राजापूर तालुक्यात बसून चाचण्या चालवणाऱ्याला हा प्रकार वेगळा समजावण्याची गरज नाही. उन्हाळे गावाजवळील राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकटते, चौदा कुंडे भरते, दोन-तीन महिने वाहते आणि लुप्त होते, असे सांगतात. परंतु साधारण या शब्दावर विसंबून कोणी तिकीट काढले तर कोरडी कुंडे पाहून परत यावे लागते, आणि दुर्लक्ष केले तर त्याच आठवड्यात ती आल्याची बातमी येते. रेसी चाचणीचे अपयशही असेच, पाहायला गेले की नसते. भाविकांनी निदान गंगेला सदोष ठरवले नाही. अभियंत्यांनी मात्र तोडगा काढला आहे: संपूर्ण संच तीन, पाच किंवा सांगाल तितक्या वेळा ओळीने चालवायचा आणि ज्यांचा निकाल फेरीगणिक बदलला त्यांची वेगळी यादी आपोआप काढायची. आठ-आठ चाचण्या एकाच वेळी समांतर चालवल्या की वेळ वाचतो आणि यंत्रावर ताण आल्याने ही यादी लांबते, त्यामुळे वाचवलेला वेळ यादी वाचण्यात जातो.

पुण्याच्या सीआर१६ सारख्या चिपवर या सर्वाला आणखी एक वळण मिळते. अशा चिपवर ऑपरेटिंग सिस्टिम नसू शकते, फाइली नसतात, कीबोर्डही नसतो. चाचणी संगणकावर चालते आणि नमुना-प्रोग्रॅम तारेने चिपवर, किंवा चिपची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरवर, उतरवला जातो. त्यासाठी बोर्ड-फाइल नावाचा एक दाखला लिहावा लागतो, ज्यात हे यंत्र काय करू शकत नाही याची कबुली असते: येथे सिग्नल नाहीत, येथे प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट देता येत नाही, येथे प्रोग्रॅमने छापलेले दिसत नाही. दाखला जितका प्रामाणिक तितक्या चाचण्या गळतात, आणि अनसपोर्टेडचा आकडा फुगतो. अपयश कमी दिसावे म्हणून दाखल्यात जास्तीची असमर्थता लिहिण्याचा मोह येथे होऊ शकतो, पण तो करणाऱ्याला पुढे चिपमधील खरा दोष ग्राहकाकडून कळतो.

उरला एक्सपास. ज्या चाचणीने फेल व्हायचे तिने पास व्हावे, याचा आनंद बाहेरच्या माणसाला होतो. आतल्या माणसाला तो निकाल दिसताच त्याची झोप उडते. कंपायलर सुधारला असेल तर ठीक. पण पुष्कळदा शोध घेता असे आढळते की साच्यात कोणी तरी घाईने काहीही चालेल अशी खूण एका जागी जास्तीची घातली होती, त्यामुळे डीबगरने चुकीचे उत्तर दिले, चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली किंवा प्रोग्रॅमच सापडत नसल्याचे सांगितले, तरी चाचणी त्याला पास करत आली होती. अशाच सैल साच्याची चाचणी एक्सपासऐवजी साधी पास होत असेल तर तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. अखेर नाट्याच्या पडवीत बसलेला तो अभियंता दोन दिवस खर्चून साचा घट्ट करतो, संच पुन्हा चालवतो, आणि ती चाचणी पहिल्यांदाच फेल होते. तो तक्रार नोंदवतो, क्रमांक मिळवतो, निकालापुढे केफेल लिहितो, आणि काम फत्ते झाल्याचे पुण्याला कळवतो.